विश्लेषण : दुसऱ्याच्या शेतातून, लागवडीच्या जंगलातून चालण्याचा हक्क… इंग्लंडमधील पायवाटा कायद्याने कशा टिकल्या? नोंद नसलेल्या वाटांचे काय होणार?

गव्हाचे उभे पीक, त्याच्या मधोमध मीटरभर रुंदीची मोकळी पट्टी आणि त्या पट्टीवरून पाठीला पिशवी लावून निघालेले अनोळखी लोक. शेताचा मालक ट्रॅक्टरवरून हे पाहतो, हात हलवतो आणि कामाला लागतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात हे दृश्य रोजचे आहे. यात मालकाचा मोठेपणा असेलही, पण त्याहून अधिक कायदा आहे. त्या पट्टीवरून चालण्याचा हक्क मालकाने दिलेला नाही आणि तो काढून घेण्याचा अधिकारही त्याला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदणीकृत वाटांची एकूण लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. पृथ्वीच्या परिघाच्या साडेपाच पट! मात्र यापलीकडे हजारो किलोमीटर वाटा अशा आहेत, ज्यांची नोंद सरकारी नकाशावर झालीच नाही. त्या वाटांची दावेदारी कायमची बंद करणारी मुदत कायद्यात लिहिलेली आहे आणि ती ठेवावी की रद्द करावी, यावर तिथे गेल्या काही वर्षांत तीन वेळा धोरण बदलले. शेतरस्ता आणि पाणंद यांवरून तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्या महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही.

पायवाटेला ‘हायवे’ का म्हणतात?

मराठीत हायवे म्हटले की चौपदरी रस्ता डोळ्यांसमोर येतो. इंग्रजी कायद्यात मात्र जिथून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, ती प्रत्येक वाट म्हणजे हायवे. मग ती सहा पदरी असो वा एका माणसापुरती. जमीन खासगी मालकीचीच राहते, त्यावरचा जाण्यायेण्याचा हक्क तेवढा सार्वजनिक असतो. या कायद्याचे एक जुने तत्त्व आहे : एकदा जो हायवे झाला, तो कायम हायवेच राहतो. वापर थांबला, गवत वाढले, वर झाडे लावली, तरी हक्क आपोआप संपत नाही. तो संपवायचा किंवा वाट वळवायची तर रीतसर आदेश काढावा लागतो.

या वाटांचे चार प्रकार आहेत. पहिली फक्त पायी चालणाऱ्यांची, दुसरी पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाणाऱ्यांची, तिसरी बैलगाडी-घोडागाडीसारख्या इंजिन नसलेल्या वाहनांनाही खुली आणि चौथी सर्व वाहनांना खुली. वाटेवरच्या खांबांवर अनुक्रमे पिवळा, निळा, जांभळा आणि लाल बाण असतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १ : २५,००० प्रमाणाच्या नकाशांवर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवल्या जातात. पहिल्यांदाच त्या गावात आलेला माणूसही नकाशा उघडून कुणाच्या शेतातून हक्काने जाता येईल, हे सांगू शकतो.

शेतकऱ्यावर कोणती बंधने असतात?

१९८० च्या हायवेज कायद्यात याचे तपशील अगदी मीटरमध्ये दिले आहेत. शेताच्या बांधालगतची वाट नांगरता येत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरणे गैरसोयीचे टाळता येत नसेल तर नांगरता येते, पण पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पायवाटेची किमान रुंदी शेतामधून १ मीटर आणि बांधालगत दीड मीटर धरली जाते. वाटेवर पीक उगवून वाट अडली, तर ती जबाबदारी शेतकऱ्याची.

कुंपणावर चढून उतरण्यासाठी ठेवलेल्या लाकडी पायऱ्या आणि जनावरांना अडवून माणसाला वाट देणारी छोटी फाटके यांची देखभाल मालकाने करायची असते. त्या खर्चापैकी किमान २५ टक्के वाटा स्थानिक प्राधिकरणाने उचलावा, अशी तरतूद आहे. वाटेचा पृष्ठभाग आणि त्यावर उगवणारे गवत-झुडूप ही मात्र प्राधिकरणाची जबाबदारी. वळूबद्दलही नियम आहे. दहा महिन्यांपेक्षा मोठा, मान्यताप्राप्त दुधाळ जातीचा वळू वाट जाणाऱ्या शेतात मोकळा सोडणे गुन्हा ठरते.

थोडक्यात, वाट खुली ठेवणे हे काम ‘सर्वांनी सामंजस्याने घ्यावे’ अशा सदिच्छेवर सोडलेले नाही. कोणी काय करायचे, किती दिवसांत करायचे आणि खर्च कोणी द्यायचा, हे लिहून ठेवलेले आहे. प्रत्यक्षात सगळे पाळले जाते असे नाही. तुटलेली फाटके, काटेरी झुडपांनी गिळलेल्या वाटा, गायब झालेले फलक यांच्या तक्रारी तिथेही होतात आणि निधीअभावी स्थानिक प्राधिकरणांची कामे तिथेही रखडतात. फरक इतकाच की, तक्रार करणाऱ्याच्या हातात कायद्याचे कलम असते.

हा हक्क मिळाला कसा?

वापरातून. गावातून चर्चकडे, गिरणीकडे, बाजाराकडे, शेजारच्या गावाकडे लोक पिढ्यानपिढ्या ज्या वाटांनी चालत आले, त्याच बहुतेक वाटा आज नकाशावर आहेत. जनतेने एखादी वाट सलग २० वर्षे हक्काने वापरली, तर मालकाने ती जनतेला अर्पण केली असे कायदा मानतो. ‘हक्काने’ म्हणजे तीन अटी : जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि परवानगी घेऊन नाही. तिसरी अट ऐकायला उलटी वाटते. पण परवानगी घेतली म्हणजे ती नाकारण्याचा अधिकार मालकाचा आहे, हे मान्य केले असा अर्थ होतो. म्हणूनच अनेक मालक ‘ही वाट केवळ परवानगीने खुली आहे’ असा फलक लावतात किंवा वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवतात.

१९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेशासंबंधीचा कायदा झाला. त्याने प्रत्येक परगण्याला वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्यास सांगितले. या नकाशावर वाट आली की तिचे अस्तित्व कायद्याने सिद्ध झाले, पुन्हा पुरावा देण्याची गरज नाही. याच कायद्याने लांब पल्ल्याच्या वाटांचा मार्ग मोकळा केला. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये अशा एका लांब हिरव्या वाटेची कल्पना वृत्तपत्रातून मांडली होती. ती ‘पेनाइन वे’ या नावाने २४ एप्रिल १९६५ रोजी खुली झाली. सुमारे ४३० किलोमीटरची ही वाट इंग्लंडच्या मध्यावरील ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटहोमपर्यंत जाते.

किंडर स्काउटचा ‘सत्याग्रह’ काय होता?

२४ एप्रिल या तारखेला आधीचाही एक इतिहास होता. १९३२ मध्ये याच तारखेला मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांसह सुमारे ४०० जण किंडर स्काउट या डोंगरपठारावर मुद्दाम, जाहीर करून घुसले. पठार खासगी होते. श्रीमंतांच्या पक्षी-शिकारीसाठी ते राखलेले असे आणि राखणदार लोकांना हुसकावून लावत. मोर्चाचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने मिळाले.

दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे हा तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता. मालक फार तर दिवाणी दावा करू शकत होता. त्यामुळे शिक्षा झाल्या त्या दंगल आणि हाणामारीशी संबंधित आरोपांखाली. आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. त्या वेळच्या प्रस्थापित पदयात्री संघटनांचा या आंदोलनाला पाठिंबा नव्हता, अशाने वाटाघाटी बिघडतील असे त्यांना वाटत होते. पण शिक्षांची बातमी पसरली आणि सहानुभूतीचे पारडे फिरले. ज्यांच्या मालकीचे ते पठार होते, त्या डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याच्या वारसाने २००२ मध्ये, घटनेच्या ७० व्या स्मरणदिनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

तोवर कायदाही बदलला होता. २००० च्या ‘क्रो’ कायद्याने डोंगर, माळरान, गवताळ टेकड्या आणि नोंदणीकृत गायराने या जमिनींवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क दिला. इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूभागावर हा हक्क लागू आहे.

यात लागवडीच्या जंगलांचा संबंध कुठे येतो?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची भीषण टंचाई जाणवली. खंदकांना आधार, कोळसा खाणींतील टेकू, सगळ्याला लाकूड हवे आणि जर्मन पाणबुड्यांमुळे आयात धोक्यात. तेव्हा देशाच्या जेमतेम ५ टक्के भूभागावर झाडे उरली होती. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून १ सप्टेंबर १९१९ रोजी फॉरेस्ट्री कमिशनची स्थापना झाली. माळराने आणि पडीक डोंगरजमिनी विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घेऊन तिथे झपाट्याने वाढणारी सूचिपर्णी झाडे लावण्यात आली. त्यात सर्वाधिक पसंती मिळाली ती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेल्या सिटका स्प्रूसला. हे झाड ओल्या, निकस जमिनीतही तग धरते आणि साधारण ४०-५० वर्षांत तोडणीला येते.

स्कॉटलंडच्या सीमेलगतचे किल्डर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे मानवनिर्मित जंगल. १९२६ पासून तिथे लागवड सुरू झाली आणि आज त्याचा पसारा ६०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. दूरवरून ते हिरवेगार दिसते, पण जवळ गेल्यावर शिस्तीत उभ्या केलेल्या ओळी, खाली काळोख आणि सुयांसारख्या पानांचा थर. जमिनीवर दुसरे फारसे काही उगवत नाही. या जंगलांवर टीकाही त्यामुळेच झाली. माळरानाचे पक्षी गेले, दलदलीच्या जमिनी सुकवल्या गेल्या, डोंगराचा चेहरा बदलला, हे आक्षेप आजही घेतले जातात.

तरीही ही सरकारी जंगले चालणाऱ्यांसाठी महत्त्वाची ठरली. कारण खासगी जंगलांवर ‘क्रो’ कायद्याचा फिरण्याचा हक्क लागू होत नाही. सरकारी जंगलांबाबत मात्र कायद्याच्या १६ व्या कलमाचा आधार घेण्यात आला. जमिनीच्या मालकाला स्वखुशीने आपली जमीन लोकांच्या वावरासाठी कायमची अर्पण करता येते, अशी ही तरतूद. फॉरेस्ट्री कमिशनने आपल्या पूर्ण मालकीची जंगले अशी अर्पण केली. जमीन पुढे कोणालाही विकली गेली तरी हा हक्क जमिनीसोबत जातो. जी जंगले भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, तिथे मात्र मूळ मालकाच्या संमतीशिवाय असे करता येत नाही.

जंगलातल्या सगळ्या वाटा सारख्याच का नसतात?

वरवर एकसारख्या दिसणाऱ्या वाटांमागे तीन वेगळे दर्जे असतात. पहिला दर्जा नोंदणीकृत सार्वजनिक वाटेचा. जंगल लावण्याच्या आधीपासून ती वाट तिथे असते आणि जंगल तोडल्यावरही राहणार असते. दुसरा दर्जा अर्पण केलेल्या जमिनीचा, जिथे पायी कुठेही फिरता येते, पण सायकल किंवा घोडा नेण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. तिसरा दर्जा रंगीत खांब रोवून आखलेल्या फेऱ्यांचा. वाहनतळापासून निघून पुन्हा तिथेच आणणाऱ्या या दोन-पाच किलोमीटरच्या वाटा पर्यटकांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय असतात. मात्र त्यांची आखणी ही व्यवस्थापनाची सोय आहे. ती उद्या बदलता येते.

फरक कळतो तो तोडणीच्या वेळी. लागवडीचे जंगल हे शेवटी पीक आहे. तोडणीयंत्र एका मिनिटाच्या आत झाड कापून, फांद्या सोलून, ठरावीक लांबीचे तुकडे पाडते. त्याच्या आसपास माणूस असणे जिवावर बेतू शकते. आखलेली फेरी व्यवस्थापन स्वतःच बंद करते किंवा वळवते. अर्पण केलेल्या जमिनीवर वर्षातून २८ दिवसांपर्यंत, काही अटींवर, प्रवेश रोखता येतो. त्याहून अधिक काळासाठी निर्देश घ्यावे लागतात. पण नोंदणीकृत सार्वजनिक वाट जंगलाच्या व्यवस्थापकाला स्वतःच्या अधिकारात बंद करता येत नाही. त्यासाठी स्थानिक प्राधिकरणाकडून तात्पुरता वाहतूक आदेश घ्यावा लागतो, जो पायवाटेसाठी सुरुवातीला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो.

वादळेही वाटा बंद पाडतात. सिटकाची मुळे ओल्या जमिनीत खोल जात नाहीत. नोव्हेंबर २०२१ मधील ‘आरवेन’ वादळाने उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लाखो झाडे आडवी केली, किल्डरलाही मोठा फटका बसला. काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकांवर पडलेल्या खोडांतून वाट मोकळी करणे हे करवत घेऊन गेलेल्या दोन माणसांचे काम नसते. त्यात रोगांची भर. २००९ मध्ये लार्च झाडांवर ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ आढळला, तेव्हापासून बाधित झाडे तोडण्याचे आदेश निघतात. मातीतून रोग पसरू नये म्हणून चालणाऱ्यांना बूट धुऊन, पुसून जाण्याची विनंती केली जाते.

२०११ मध्ये सरकारला माघार का घ्यावी लागली?

आर्थिक काटकसरीच्या काळात, जानेवारी २०११ मध्ये तत्कालीन ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील सार्वजनिक जंगले विकण्याचा किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव मांडला. इंग्लंडमध्ये अशी सुमारे अडीच लाख हेक्टर जंगले आहेत. चालण्याचा हक्क कायम राहील, असे सरकारचे म्हणणे होते. कागदावर ते बरोबरही होते. पण हक्क असणे आणि वाट प्रत्यक्ष वापरता येणे यांत अंतर असते. नवा मालक वाहनतळ बंद करू शकतो, आखलेल्या फेऱ्यांचे खांब काढू शकतो, पूल मोडला तर दुरुस्तीची घाई करणार नाही. शहरातून मुलाबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने वाहनतळ बंद होणे म्हणजे जंगलच बंद होणे.

प्रस्तावाविरोधात पाच लाखांहून अधिक लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या. त्यात सर्व पक्षांचे मतदार होते. अवघ्या तीन आठवड्यांत, १७ फेब्रुवारी २०११ रोजी पर्यावरणमंत्री कॅरोलिन स्पेलमन यांनी सभागृहात माफी मागत प्रस्ताव मागे घेतला. त्यानंतर लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमण्यात आली. तिने जुलै २०१२ मध्ये अहवाल देऊन जंगले सार्वजनिक मालकीतच राहावीत, अशी शिफारस केली. लाकडासाठी लावलेली झाडे नव्वद वर्षांनंतर लाकडापेक्षा चालण्यासाठी अधिक मोलाची ठरली होती.

‘हरवलेल्या’ वाटांचा वाद काय आहे?

१९४९ च्या कायद्यानंतर वाटांचे सर्वेक्षण गावपातळीवर झाले. काही गावांनी ते मनापासून केले, काहींनी उरकून टाकले. काही ठिकाणी गावच्या सभेत जमीनदारच वजनदार होते. परिणामी आजही नकाशावर अशा वाटा दिसतात ज्या एका गावातून निघतात आणि शिवेवर येऊन अचानक संपतात. शेजारच्या गावाने ती नोंदवलीच नाही. चालणारा माणूस शिवेवर अंतर्धान पावत नसणार, हे उघड आहे. पण नोंद नाही म्हणजे हक्क सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर.

२००० च्या कायद्याने यात एक मुदत घातली : १९४९ पूर्वीच्या ज्या वाटांची नोंद १ जानेवारी २०२६ पर्यंत होणार नाही, त्यांवरील जुना हक्क संपुष्टात येईल. जमीनमालकांना निश्चितता मिळावी, हा हेतू. शंभर वर्षांपूर्वीचा कागद काढून उद्या कुणी परसातून वाट मागू नये, ही त्यांची अपेक्षा अगदीच गैरवाजवी नव्हती. पण ‘रॅम्बलर्स’ या संघटनेच्या स्वयंसेवकांनी २०२० मध्ये जुने आणि नवे नकाशे ऑनलाइन शेजारी ठेवून चौकोन चौकोन तपासले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ७९ हजार किलोमीटर संभाव्य हरवलेल्या वाटा समोर आल्या.

प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र पुरावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील धान्यकराचे नकाशे, गायराने वाटून बंदिस्त करताना केलेले निवाडे, रेल्वेमार्गाचे जुने आराखडे, असे कागद अभिलेखागारात बसून शोधावे लागतात. यातला सर्वांत गमतीचा पुरावा १९१० च्या वित्त कायद्यातला. जमिनीच्या मूल्यवाढीवर कर बसणार होता आणि जमिनीतून सार्वजनिक वाट जात असेल तर मूल्यांकनात सूट मिळत होती. त्या वेळी मालकांनी सूट मिळवण्यासाठी वाट असल्याचे स्वतःच मान्य केले. शंभर वर्षांनी तोच कागद वाटेच्या बाजूने साक्ष देतो आहे.

अर्जांचे ढीग पाहता मुदतीत सगळे उरकणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने मुदतच रद्द करण्याचे जाहीर केले. वर्षभरात, मार्च २०२३ मध्ये भूमिका बदलली आणि मुदत रद्द न करता ती २०३१ पर्यंत पुढे ढकलली. सत्तांतरानंतर डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने मुदत पूर्णपणे रद्द करण्याचा मनोदय पुन्हा जाहीर केला.

मुदत गेली तरी प्रश्न संपत नाही. पुरावा सांगू शकणारी म्हातारी माणसे जातात, कागद जीर्ण होतात आणि प्राधिकरणाकडे दाखल झालेला अर्ज निकाली निघायला अनेक वर्षे लागतात.

स्कॉटलंडचे वेगळेपण काय?

सीमेपलीकडे चित्र उलटे आहे. २००३ च्या भूसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळपास सर्व जमिनींवर आणि जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला. फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आहे. घराभोवतीची खासगी जागा, उभे पीक असलेले शेत असे अपवाद आहेत. खासगी जंगलेही यात येतात. इंग्लंडमध्ये ‘कुठे जाता येईल’ याची यादी आहे, तर स्कॉटलंडमध्ये ‘कुठे जाता येणार नाही’ याची. इंग्लंडनेही हाच नमुना स्वीकारावा, अशी मागणी जोर धरत आहे. शेतकरी संघटनांचा त्याला विरोध आहे. मोकळ्या कुत्र्यांचे मेंढ्यांवरील हल्ले, उघडी टाकलेली फाटके, तुडवलेले पीक, कचरा ही त्यांची कारणे. दोन्ही बाजूंना न्यायालयाचा अनुभवही आहे. डार्टमूर या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२५ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला.

महाराष्ट्रात काय स्थिती?

आपल्याकडे पायवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता हे शब्द जमिनीच्या व्यवहारात रोजचे आहेत. गाव नकाशावर जुने रस्ते तुटक रेषांनी दाखवलेलेही असतात. बांधावरून वाट मिळवण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आणि असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५, असे दोन मार्ग शेतकऱ्याकडे आहेत. दुसऱ्या मार्गात अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत अनेकांना माहीत नसते आणि तिथेच प्रकरण फसते. इंग्रजी कायद्यातला २० वर्षांचा वापराचा निकषही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये दिसतो. फरक असा की, त्यातून मिळतो तो एका जमिनीच्या मालकाला शेजारच्या जमिनीवर मिळणारा हक्क. सर्व जनतेच्या वाटांची, जिल्हानिहाय, कायद्याने अंतिम मानली जाणारी नोंदवही आपल्याकडे नाही. शेतरस्त्यांची नोंद सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे पाऊल राज्य सरकारने २०२५ मध्ये उचलले, ते या दिशेने महत्त्वाचे आहे.

जंगलाबाबत मात्र तराजूचा काटा दुसरीकडे झुकतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट वन अधिकारी सरकारच्या पूर्वमंजुरीने बंद करू शकतो. पुरेसा सोयीचा पर्यायी मार्ग असला किंवा दिला की पुरे. म्हणजे हायवे कायम हायवे राहतो, हे तत्त्व आपल्या राखीव वनाच्या सीमेवर थांबते. वाघ-बिबट्यांचा वावर, वणवे, अवैध तोड ही त्यामागची कारणे खरी आहेत आणि इंग्लंडच्या स्प्रूस जंगलात ती नाहीत. विदर्भातील सागवान लागवडीतून शाळेला किंवा बाजाराला जाणाऱ्या माणसासाठी वाट ही हौस नसते, हा फरकही लक्षात ठेवावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सोयीसुविधांसाठी, रस्त्यांसह, एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळवण्याची मुभा दिली ती त्यामुळेच.

तिथे फिरायला गेल्यास काय लक्षात ठेवावे?

शिक्षण किंवा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये असलेले अनेक मराठी तरुण सुट्टीत या वाटांवर चालतात. नकाशावर हिरवी तुटक रेषा आहे का, हे आधी पाहावे. फाटक जसे सापडले तसेच, उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. मेंढ्या-गाईंजवळ कुत्रा पट्ट्याने बांधलेला असावा, पण गाई अंगावर आल्याच तर पट्टा सोडून स्वतः बाजूला व्हावे. जंगलात तोडणीचा फलक दिसला, तर यंत्राचा आवाज येत नसला तरी आत जाऊ नये. रचलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर चढू नये, ते कधीही घसरू शकतात.

आणि वाट अडलेली आढळली तर ती जागा नकाशावर नोंदवून स्थानिक प्राधिकरणाला कळवता येते. त्यासाठी तिथला रहिवासी असण्याची अट नाही. कुणीतरी चालत राहिले आणि कुणीतरी वेळेवर लिहून ठेवले, म्हणूनच सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आज शिल्लक आहेत.